एक गाणं गाजल्यावर बँडने पुढे काय करावं? रेडिओहेडच्या वाटचालीवरून एक सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा चौघांचा बँड, मराठी रॉक. दोन वर्षांपूर्वी एक गाणं ध्यानीमनी नसताना चाललं. आता कुठेही वाजवायला गेलात की लोक तेच मागतात, काही ठिकाणी दोनदा वाजवायला लावतात. तुम्ही आणि तुमचा गिटारिस्ट आता सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य), लूप (पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा), वेगळे ताल अशा दिशेने निघालात. ड्रमर आणि बेसिस्ट म्हणतात, जे चाललंय ते बिघडवू नका. आणि तुम्ही विचारलंय की इंग्लंडच्या रेडिओहेड या रॉक बँडने 'क्रीप' हे गाणं गाजल्यावर सगळं सोडून 'किड ए' हा वेगळ्याच आवाजाचा अल्बम काढला, तसं आम्हीही एका फटक्यात करावं का, की ते त्यांचं नशीब होतं?

मी पुण्यात सतरा वर्षं प्रॅक्टिस रूम आणि शेजारी एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. त्याआधी नऊ वर्षं बँडमध्ये गिटार वाजवली. रेडिओहेड मी १९९८ पासून ऐकतोय. एका मित्राने बाहेरून आणलेली सीडी आम्ही सगळ्यांनी कॅसेटवर उतरवून घेतली होती, ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तेव्हा मी लिहितोय ते या बँडवरच्या प्रेमापोटी आणि रोज डोळ्यांसमोर बँड जुळताना-फुटताना पाहून.

आधी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. 'क्रीप' १९९२ च्या सप्टेंबरात आलं. 'किड ए' २००० च्या ऑक्टोबरात. मध्ये आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत 'पाब्लो हनी', 'द बेंड्स' आणि 'ओके कम्प्युटर' असे तीन अल्बम, काही ईपी (चार-पाच गाण्यांचे छोटे संग्रह) आणि शेकडो कार्यक्रम आहेत. आपण आज यूट्यूबवर एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर बोट सरकवतो, म्हणून ती उडी वाटते. प्रत्यक्षात ती पायऱ्यांची वाट आहे. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते 'धाडस करावं का' हा नाहीच. चौघंही बरोबर राहतील अशा पद्धतीने काम करायची रीत कशी बदलायची, हा तुमचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर या बँडच्या इतिहासात अगदी तपशीलवार सापडतं.

सुरुवात 'क्रीप'च्याही आधीपासून करावी लागेल. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत १९८५ मध्ये हे पाच जण एकत्र आले: गायक थॉम यॉर्क, गिटारिस्ट एड ओब्रायन, ड्रमर फिल सेल्वे, बेसिस्ट कॉलिन ग्रीनवुड आणि कॉलिनचा धाकटा भाऊ जॉनी, जो पुढे गिटारवर आला. प्रॅक्टिस शुक्रवारी असायची म्हणून बँडचं नाव 'ऑन अ फ्रायडे'. जॉनीचा एक किस्सा मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना नेहमी सांगतो. आधीचा कीबोर्डवाला फार मोठ्याने वाजवायचा म्हणून त्याला काढलं होतं. जॉनी आला आणि आपल्यालाही काढतील या भीतीने त्याने कित्येक महिने कीबोर्डचा आवाज बंद ठेवूनच वाजवला. घरी जाऊन तो रात्री स्वर-जोड्या शिकत बसायचा, आणि हळूहळू एकेक सूर ऐकू येईल इतपत आवाज वाढवत गेला. आज त्याला आपण आपल्या काळातला मोठा संगीतकार म्हणतो.

शाळा संपल्यावर चौघं वेगवेगळ्या शहरांत शिकायला गेले. यॉर्क एक्सेटरला, कॉलिन केंब्रिजला, ओब्रायन मँचेस्टरला, सेल्वे लिव्हरपूलला. बँड मोडायला याहून चांगलं निमित्त नाही. माझ्या रूमवर येणारे बहुतेक बँड नेमके इथेच संपतात: कुणाची बंगळुरूला नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं. यांनी सुट्ट्यांमध्ये आणि शनिवार-रविवारी भेटून प्रॅक्टिस चालू ठेवली. १९९१ मध्ये पुन्हा ऑक्सफर्डला जमले, 'जेरिको टॅव्हर्न'सारख्या जागी वाजवायला लागले. कॉलिन रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. तिथे येणाऱ्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाच्या हातात त्याने डेमो (नमुन्याचं रेकॉर्डिंग) ठेवला, आणि वर्षाअखेरीस सहा अल्बमचा करार झाला. नाव बदला असं कंपनीने सांगितल्यावर टॉकिंग हेड्स या बँडच्या एका गाण्यावरून 'रेडिओहेड' ठेवलं. म्हणजे पहिलं गाणं गाजण्याआधी सात वर्षं हे पाच जण एकमेकांना ओळखत होते, एकमेकांचे रुसवेफुगवे झेलून झाले होते. तुमचा बँड किती वर्षांचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या पुढच्या सल्ल्यातलं बरंच काही त्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

आता 'क्रीप'. ते गाणं त्यांना सिंगल म्हणून (अल्बमपासून वेगळं, एकटं) काढायचंच नव्हतं. शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी हे अमेरिकन निर्माते दुसऱ्याच गाण्यांसाठी आले होते. रिहर्सलमध्ये बँडने हे सहज वाजवलं, तर निर्मात्यांना ते दुसऱ्या कुणाचं तरी गाणं वाटलं. नंतर एका टेकमध्ये रेकॉर्ड झालं. मुखड्याच्या आधी गिटारचे ते जे दोन खरखरीत दणके आहेत, ते जॉनीचे. गाणं त्याला फारच मिळमिळीत वाटत होतं आणि ते बिघडवण्यासाठी त्याने ते वाजवले, असं ओब्रायननेच सांगितलंय. गाण्याची ओळख शेवटी तेच दणके ठरले. इंग्लंडमध्ये आधी ते ७८ व्या क्रमांकावर अडकलं. बीबीसी रेडिओ वनला ते फारच उदास वाटलं. मग इस्राएलमधल्या एका रेडिओ निवेदकाने ते लावून धरलं, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेशनवर वाजलं, अमेरिकेत पसरलं, आणि १९९३ मध्ये पुन्हा काढल्यावर मायदेशी सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. थोडक्यात, तुमच्यासारखंच: कधी, कुठे आणि का चालेल हे त्यांच्या हातात नव्हतं.

यानंतर त्यांनी काय केलं, ते नीट बघा. त्यांनी गाणं टाकून दिलं नाही. अमेरिकाभर दौऱ्यात रोज रात्री तेच वाजवत फिरले. कित्येक ठिकाणी 'क्रीप' झालं की लोक उठून जायचे. या सगळ्याचा कंटाळा आणि राग त्यांनी एका नव्या गाण्यात घातला. 'माय आयर्न लंग' (आयर्न लंग म्हणजे रुग्णाला श्वास देणारं यंत्र) हे १९९४ चं गाणं म्हणजे ज्या यंत्रावर आपण जगतोय त्या यंत्राबद्दलची तक्रार आहे, आणि ते यंत्र म्हणजे 'क्रीप'. त्या गाण्याचा वाद्यांचा भाग लंडनच्या 'ॲस्टोरिया'मधल्या कार्यक्रमात थेट रेकॉर्ड झालेला आहे, गायकाचा आवाज तेवढा नंतर पुन्हा घेतला. स्टुडिओत आठवडेच्या आठवडे जे जमत नव्हतं, ते मंचावर जमून गेलं होतं.

'द बेंड्स'ची सगळी गोष्टच अशी आहे. १९९४ च्या सुरुवातीला लंडनच्या 'आरएके' स्टुडिओत जॉन लेकी या अनुभवी निर्मात्याबरोबर काम सुरू झालं. कंपनीला 'क्रीप'सारखं आणखी एक लवकर हवं होतं. दडपण एवढं की काही पुढे सरकेना. तेव्हा त्यांनी काम मध्येच थांबवलं आणि दौऱ्यावर गेले. नवी गाणी लोकांसमोर वाजवली, हात बसला, परत आले आणि 'द मॅनर' स्टुडिओत उरलेलं बरंचसं दोन आठवड्यांत उरकलं. माझ्या स्टुडिओत मी हे इतक्यांदा पाहिलंय! चौदाव्या टेकला सगळ्यांचे चेहरे पडलेले असतात. मी माइक बंद करतो आणि सांगतो, पुढच्या महिन्यात दोन कार्यक्रमांत वाजवा आणि मग या. पैसे पुढच्या तारखेला वळवून घेतो. दहापैकी सात-आठ वेळा ते बँड परत येतात तेव्हा तिसऱ्या टेकला काम झालेलं असतं.

इथे माझ्या स्वतःच्या बँडचं सांगतो. आमचंही एक गाणं कॉलेजांमध्ये चाललं होतं. २००३ मध्ये आम्ही ठरवलं की आजपासून ते बंद. पुढच्याच कार्यक्रमात सगळी नवीन गाणी घेतली, प्रॅक्टिस जेमतेम सहा वेळा झालेली. लोक शांत बसले. आमचा ड्रमर या निर्णयाच्या विरोधात होता, तो मंचावर अर्ध्या मनाने वाजवत होता आणि ते पहिल्या रांगेपर्यंत दिसत होतं. चार महिन्यांत बँड संपला. गाणी वाईट नव्हती, त्यातली दोन मी आजही ऐकतो. आम्ही ती गाणी उभी राहण्याआधीच जुनी काढून घेतली, ही आमची चूक होती. ड्रमर बरोबर होता हे मला फार उशिरा कळलं.

आता त्यांच्या वाटचालीतला तो दिवस, जो तुमच्या सर्वांत उपयोगाचा आहे आणि ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९९५ च्या सप्टेंबरात बोस्नियाच्या युद्धातल्या मुलांच्या मदतीसाठी 'हेल्प' नावाचा एक संकलित अल्बम होणार होता. अट अशी की सगळ्यांनी एकाच दिवसात गाणं रेकॉर्ड करायचं. रेडिओहेडने 'लकी' नावाचं गाणं साधारण पाच तासांत केलं. त्या दिवशी काचेपलीकडे होता नायजेल गॉडरिच, 'द बेंड्स'च्या वेळी इंजिनिअर म्हणून काम केलेला, त्यांच्याच वयाचा तरुण. गाण्याची सुरुवात आठवत असेल तर गिटारचा एक विचित्र चिवचिवाट ऐकू येतो. ओब्रायन नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) वरच्या बाजूला, जिथे कुणी वाजवत नाही, तिथे तारा छेडतोय. तो एक दिवस त्यांना सांगून गेला की वडीलधाऱ्या निर्मात्याशिवाय, आपल्याच माणसाबरोबर, आपल्याला काम जमतं. पुढचे जवळपास सगळे अल्बम त्यांनी गॉडरिचबरोबरच केले.

यातून मी जे शिकलो ते असं: नव्या दिशेचा पहिला प्रयोग लहान असावा, मुदतीचा असावा, आणि फसला तरी कुणाचं नुकसान होऊ नये असा असावा. एक गाणं. एक दिवस. पणाला काही लावायचं नाही. अल्बमच्या घोषणेने सुरुवात केलीत तर ड्रमर आणि बेसिस्टला तुम्ही निवड करायला भाग पाडता. एका रविवारी एका गाण्याला बोलावलंत तर ते येतील.

'ओके कम्प्युटर'साठी कंपनीने त्यांना स्वतःची यंत्रसामग्री घ्यायला पैसे दिले. डिडकॉटजवळ एका शेडमध्ये त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली, तिला 'कॅन्ड अप्लॉज' म्हणायचे. तिथे धड स्वच्छतागृहही नव्हतं. चारेक गाणी तिथे झाली. मग पुन्हा दौरा! १९९६ च्या उन्हाळ्यात गायिका अलानिस मॉरिसेटच्या कार्यक्रमांआधी ते अमेरिकेत वाजवत होते, आणि दुसऱ्याच्या श्रोत्यांसमोर 'पॅरानॉइड अँड्रॉइड'ची लांबलचक कच्ची रूपं तपासून पाहत होते. त्यानंतर बाथ शहराजवळच्या 'सेंट कॅथरीन्स कोर्ट' या जुन्या वाड्यात जाऊन राहिले. एका गाण्याचा आवाज तिथल्या दगडी जिन्यात घेतला, कारण तिथला घुमारा कुठल्याही यंत्रात मिळत नव्हता. मी हे वाचलं त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात माइक लावला होता. शेजाऱ्यांची माफी मागावी लागली, पण तो आवाज आजही माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. जागा बदलली की वाजवणाऱ्याचं ऐकणं बदलतं, हा माझा पक्का अनुभव आहे. पैसे नसतील तर एखाद्याच्या गावच्या घरी दोन दिवस जा.

अल्बम ऐकून अमेरिकेतल्या कंपनीने विक्रीचा अंदाज वीस लाखांवरून पाच लाखांवर आणला होता. १९९७ च्या जूनमध्ये तो इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. पुढचं यश सर्वांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही.

पण इथे थांबून परिस्थितीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा, नाहीतर माझा सल्ला तुम्हाला खड्ड्यात घालेल. त्यांच्यामागे सहा अल्बमचा करार होता. कंपनीला त्यांच्यात पैसा अडकलेला असल्यामुळे दुसरी, तिसरी संधी मिळाली. १९९५ मध्ये आरईएमसारख्या बड्या बँडने त्यांना आपल्या दौऱ्यात बरोबर घेतलं. रोज नव्या गावात वाजवायला मिळेल अशी कार्यक्रमांची व्यवस्था तिकडे होती. तुमच्याकडे यातलं काही नाही. तुमचं उत्पन्न गणेशोत्सवानंतरचे कार्यक्रम, कॉलेजं आणि एखाददुसरा कॉर्पोरेट शो यावर असणार. ते गाणं बंद केलंत तर पुढच्या महिन्याचं भाडं अडेल की नाही, हे मला माहीत नाही, ते तुम्हीच ठरवा. बँडमधल्या कुणाचं घर यावर चालत असेल तर त्याच्या मताचं वजन जास्त धरा. दुसरीकडे, तुमच्याकडे असलेलं आणि त्यांच्याकडे नसलेलंही काही आहे: लॅपटॉपवर घरच्या घरी, फुकटात, हवे तेवढे प्रयोग करता येतात. त्यांना त्या स्वातंत्र्यासाठी ईएमआयचा चेक लागला.

आता 'किड ए', ज्याच्यावरून तुम्ही प्रश्न विचारला. मी हा अल्बम तुमच्या गिटारिस्टच्या बाजूने सांगणार नाही, तुमच्या ड्रमर आणि बेसिस्टच्या बाजूने सांगणार आहे.

'ओके कम्प्युटर'च्या दौऱ्यानंतर यॉर्क पार थकून गेला होता. गिटारवर गाणी रचणं त्याला नकोसं झालं होतं. १९९९ मध्ये पॅरिस, मग कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशायर, शेवटी ऑक्सफर्डचा स्वतःचा स्टुडिओ असं काम फिरत राहिलं. यॉर्क अर्धवट तुकडे, यंत्रांवरचे ताल घेऊन यायचा. ज्याचं नाव गिटारिस्ट तो ओब्रायन आणि ज्याचं नाव ड्रमर तो सेल्वे, यांनी त्यात करायचं काय? कित्येक दिवस त्यांना वाजवायला काहीच नसायचं. ओब्रायन तेव्हा बँडच्या वेबसाइटवर स्टुडिओची डायरी लिहायचा, त्यात ही घालमेल दिसते. एकही सूर न वाजवता बँडचा भाग कसं राहायचं, हे शिकावं लागलं, अशा अर्थाचं तो पुढे म्हणाला. एका टप्प्यावर त्यांनी आपसात ठरवलं की काढण्याजोगा अल्बम होत नसेल तर बँड थांबवायचा.

तिथून ते बाहेर कसे पडले? गॉडरिचने त्यांचे दोन गट केले. एक गट एका खोलीत आवाज तयार करणार, दुसरा गट दुसऱ्या खोलीत त्यांवर काम करणार. गिटार, ड्रम अशी नेहमीची वाद्यं आवाज तयार करताना घ्यायची नाहीत. त्यामुळे 'मी काय वाजवू' हा प्रश्न सगळ्यांसाठीच एकदम अवघड झाला, फक्त ड्रमरसाठी नाही. जॉनीने 'ओंद मार्तनो' हे जुनं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य उचललं, मॉड्युलर सिंथ जुळवला. 'इडिओटेक' या गाण्याचा उगम बघा: जॉनीने सिंथवर आणि जुन्या रेकॉर्डवरच्या तुकड्यांवर खेळून ५० मिनिटांचं ध्वनिमुद्रण यॉर्ककडे दिलं, त्यातला एक छोटासा तुकडा यॉर्कने उचलला आणि त्यावर गाणं उभं राहिलं. बाकीची ४९ मिनिटं वाया गेली असं तिथे कुणी म्हटलं नाही.

आणि गाण्यांवर नाव यायचं 'रेडिओहेड'. बरेचसे शब्द आणि मूळ कल्पना यॉर्कच्या असूनही श्रेय पाचही जणांचं. ज्या गाण्यात सेल्वेने एक ठोकाही दिला नाही, ते गाणंही त्याचंच. माझ्या रूमवर गेल्या सतरा वर्षांत जेवढी कडाक्याची भांडणं झाली, त्यातली बहुतेक संगीतावरून सुरू झाली आणि शेवटी 'गाणं कुणाचं, पैसे कुणाचे' यावर येऊन थांबली. तुमचा ड्रमर 'बिघडवू नका' म्हणतो तेव्हा तो सिंथच्या विरोधात आहे असं मला तरी वाटत नाही. सिंथमध्ये ताल आला की माझी जागा काय, हे तो विचारतोय, आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर तोंडी देऊ नका. नव्या गाण्यांचं श्रेय आणि वाटा चौघांत समान, असं आधीच कागदावर लिहा.

आणखी एक लक्षात घ्या. 'किड ए' बाजारात येण्याआधी २००० च्या उन्हाळ्यात त्यांनी भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत ही नवी गाणी मंचावर वाजवली. श्रोत्यांनी ती टेप केली, नॅपस्टर या गाण्यांच्या फाइली वाटायच्या इंटरनेट सेवेवर पसरवली. सिंगल नाही, नेहमीसारखे व्हिडिओ नाहीत, तरी अल्बम इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. यंत्रांवर जन्मलेली ही गाणी मंचावर पुन्हा पाच माणसांची झाली. २००१ मध्ये निघालेला त्यांचा थेट कार्यक्रमांचा छोटा संग्रह तुमच्या ड्रमरला जरूर ऐकवा. सेल्वेने तिथे काय केलंय ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

इथपर्यंतचं एकदा जुळवून सांगतो. जुनं गाणं त्यांनी लगेच टाकलं नाही. नवी गाणी आधी लोकांसमोर वाजवून पाहिली, मग पक्की केली. नव्या साथीदाराबरोबर आधी एक दिवस काम केलं. जागा आणि कामाची वाटणी बदलली, माणसं आणि श्रेयाची रीत तीच ठेवली. आवाज बदलला तो यानंतर.

तुम्ही शेवटी 'इन रेनबोज'सारखं 'हवे तेवढे पैसे द्या' करावं का असंही विचारलंय. थोडक्यात उत्तर: आत्ता नको. २००३ च्या 'हेल टू द थीफ'नंतर सहा अल्बमचा करार संपला होता, आणि १० ऑक्टोबर २००७ ला त्यांनी तो अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला. किंमत ज्याची त्याने ठरवायची. ते चाललं कारण त्याआधी पंधरा वर्षं त्यांचं नाव कंपनीच्या पैशाने जगभर पोचलेलं होतं. त्यामागे जी तयारी होती तिच्याकडे बघा: २००६ मध्ये छोट्या सभागृहांतून फिरून गाणी घोटली, त्याआधी दुसऱ्या निर्मात्याबरोबर प्रयत्न केला होता, तो जमला नाही, तर गॉडरिचला परत बोलावलं. त्या अल्बममधलं 'न्यूड' हे गाणं 'ओके कम्प्युटर'च्या दिवसांपासून त्यांच्याकडे पडून होतं. 'ट्रू लव्ह वेट्स' तर त्यांनी १९९५ मध्ये मंचावर गायलं होतं, स्टुडिओतलं रूप आलं २०१६ च्या 'अ मून शेप्ड पूल'मध्ये, गिटारवरून पियानोवर येऊन. योग्य रूप सापडेपर्यंत गाणं ठेवून द्यायची ही तयारी मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते. आपण डेमो झाला की दुसऱ्या दिवशी अपलोड करतो.

बाहेरचं काम करू देणं, हाही त्यांच्या टिकण्याचा भाग आहे. जॉनीने चित्रपटांना संगीत दिलं. २०१५ मध्ये तो जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' हा अल्बम करत होता, रेकॉर्डिंगला तिथेही गॉडरिचच होता. यॉर्क आणि जॉनीने ड्रमर टॉम स्किनरबरोबर 'द स्माइल' हा वेगळा बँड काढला. सेल्वे आणि ओब्रायनचे स्वतःचे अल्बम आहेत. आणि सात वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेच पाच जण माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन, बर्लिन असा दौरा करून आले. तुम्ही आणि गिटारिस्ट मिळून दोघांचा एक वेगळा प्रकल्प सुरू केलात तर बँड फुटेल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. मला उलट वाटतं. सगळी नवी हौस एकाच बँडमधून भागवायची म्हटलं की तो ताणाने तुटतो. मात्र हे चोरून करू नका, पहिला डेमो ड्रमरला आणि बेसिस्टला आधी ऐकवा.

आणि ते गाणं? रेडिओहेडने 'क्रीप' वर्षानुवर्षं वाजवलं नाही, हे खरं. पण २००९ नंतर थेट २०१६ च्या मे महिन्यात पॅरिसला त्यांनी ते पुन्हा वाजवलं. न वाजवायचं ठरवता येण्याइतकी दुसरी गाणी तोवर त्यांच्याकडे जमली होती. तुमच्याकडे किती आहेत? तुमच्या चॅनेलवर मी नऊ मोजली. नऊ गाण्यांच्या बँडने गाजलेलं गाणं काढू नये. त्याची जागा बदला. शेवटी ठेवता, म्हणून लोक तासभर वाट बघत बसतात. चौथं वाजवा. लोक निवांत होतील, आणि त्याच्या लगेच पुढे, टाळ्या चालू असतानाच, नवं गाणं सुरू करा. त्या क्षणी ऐकणाऱ्यांचं मन सर्वांत मोकळं असतं, हे मी मिक्सरमागे उभं राहून अनेकदा पाहिलंय.

तुम्ही पाठवलेला तो सिंथवाला तुकडा मी ऐकला. दीड मिनिटानंतर जो ताल अडखळतो आणि परत सापडतो, ती जागा सुंदर आहे. पण तो ताल यंत्रावर ठेवू नका. तुमच्या ड्रमरला बोलवा, यंत्र बंद करा आणि तो अडखळणं हाताने कसं वाजवतो ते बघा, त्याच्या पद्धतीने, न शिकवता. एका रविवारी, एकच गाणं, संध्याकाळी सहाला काम बंद. मोबाइलवर का होईना पण रेकॉर्ड करा, आणि जमलं तर ते मला पाठवा.